आतून घासलेला व्हॉल्व्ह

आमच्या गावात कुणाच्या तोंडावर "तुझं काम वाईट झालंय" असं म्हणत नाहीत. तशी पद्धतच नाही. सगळी आळी छऱ्याच्या हवाई बंदुका बनवते, पण अख्खी बंदूक एकाही घरात होत नाही. कुणाकडे नळी, कुणाकडे पंपाचा दांडा, कुणाकडे लाकडी दस्ता. आमच्या घरी व्हॉल्व्ह, म्हणजे पंपानं भरलेली हवा कोंडून धरणारी आणि हातोडा बसला की सोडणारी झडप. आमच्याकडून ती नळकांड्यात बसून इमासच्या घरी जाते. इमास त्याला चाप आणि खटका जोडते, हवा भरून बघते, आणि मग माल हाजी दायातांकडे जुळणीला जातो. एकाची चूक दुसऱ्याच्या दारात उघडी पडणारच. तर तो बिघडलेला भाग परत पाठवायचा तो ताटलीत ठेवून, वर केळीचं पान, आणि पानावर काहीतरी गोड. घेणाऱ्यानं आधी गोड खायचं, मग पान उचलायचं. शिव्या द्यायच्याच असतील तर निदान तोंड गोड करून द्या, एवढंच.

माझा थोरला भाऊ एंकोस गोडही खातो आणि शिव्याही देतो. मात्र पाठवणाऱ्याला नाही, मला. वहिनी वारल्यापासून घरात कान असलेली दुसरी मीच. मी येयेत. नवऱ्याला सोडून परत आले. त्यानं मला सोडलं असं गावात म्हणतात, म्हणोत बापडे. मी व्हॉल्व्हला रबराच्या कड्या नि स्प्रिंगा बसवते, तयार नळकांडी इमासकडे पोचवते, आणि भावाच्या नाकावरची माशी हाकलते. तसा तो नाकावर माशी बसूच देत नाही.

ही गोष्ट एका खऱ्या चुकीपासून सुरू झाली. कांगला, म्हणजे भावाला (थोरल्या पुरुषाला आमच्याकडे सगळेच कांग म्हणतात), त्या वर्षी ओतीव पितळाचं वेड लागलं. खालच्या रस्त्यावर एक जण जुने नळ, कड्याकुलपं वितळवून पितळेच्या जाड कांड्या ओतायचा. ओढीव सळईपेक्षा ती कांडी लेथवर लोण्यासारखी कातली जाते, हे खरं. पण ओतताना आत हवेचे बुडबुडे राहतात. वरून काही दिसत नाही. पंधरा-वीस वेळा पंप मारून नळकांडं पाण्यात धरलं, की झडप जिथं टेकते त्या बसणीतून नाही, व्हॉल्व्हच्या भरल्या पोटातूनच मोहरीएवढे बुडबुडे ओळीनं वर येतात.

इमासनं तो माल परत पाठवला. ताटलीत सच्छिद्र व्हॉल्व्ह, वर पान, पानावर चोलेनाक: आंबवलेला कसावा निखाऱ्यावर भाजून, वर ताडगुळात शिजवलेलं खोबरं.

कांगनं खाल्लं. पान उचललं. व्हॉल्व्ह उजेडात धरून पाहिला आणि मला म्हणाला, "तू काय बघतेस? तूच म्हणालीस ओतीव चालेल म्हणून."

"मी म्हणाले? मी म्हणाले होते की त्या माणसाचे नळसुद्धा गळतात."

तो उठला. मग सगळा ओतीव माल कोपऱ्यात टाकला, ओढीव सळई आणली आणि अख्खी खेप नव्यानं कातली. एवढ्यावर थांबला असता तर गोष्ट संपली असती. पण तो माल घेऊन तो स्वतः इमासकडे गेला. माझा भाऊ कधी कुणाच्या दारात जात नाही. तिनं एकेक नळकांडं पाण्यात धरून पाहेपर्यंत तो तिथं उभा राहिला, आणि नंतर ती खटक्याला पाणी देत होती तेही पाहत बसला.

ते काम पाहण्यासारखंच आहे. ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद कापायचं, कानशीनं आकार द्यायचा, लाल करून खोबरेल तेलात बुडवायचं. एवढं केलं की ते काचेसारखं कडक होतं नि काचेसारखंच फुटतं. म्हणून मग तापलेल्या वाळूवर ठेवून त्याचा रंग बघत बसायचं. पेंढ्यासारखा पिवळा आला की उचलायचं. डोळ्याची पापणी जास्त वेळ मिटली तर निळा होतो नि मऊ पडतो. इमासचा नवरा हे काम करायचा. तो गेल्यावर लोक म्हणाले, आता हे घर बंद पडणार. तिनं सुतकाच्या जेवणाची भांडी घासली आणि कानस हातात घेतली.

कांग घरी आला तो काही न बोलता जेवला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

त्यानंतरच्या आठवड्यात इमासची दुसरी ताटली आली. केळीच्या पानावर चोलेनाक. कांगनं खाल्लं, पान उचललं. खाली काही नव्हतं.

"भाग कुठाय?" त्यानं विचारलं.

"नाहीये."

"नाहीये म्हणजे? तू वाटेत पाडलास?"

"कांग, ताटली माझ्या हातात दिली तेव्हाही पानाखाली काही नव्हतं. खाऊ आहे. खा."

त्यानं ताटली उलटी करून पाहिली. पान दोन्हीकडून पाहिलं. मग हात पुसून म्हणाला, "कळलं. दोष आहे, पण ती दाखवत नाहीये. स्वतःच दुरुस्त करून घेतेय. मला लाज वाटू नये म्हणून." आणि मग आवाज चढला. "माझा व्हॉल्व्ह! तिनं दुरुस्त करायचा!"

मी म्हणाले, "किंवा तिनं खाऊ पाठवलाय."

"खाऊ कोण कशाला पाठवील?"

या प्रश्नाला एखाद्या बाईनं काय उत्तर द्यावं, तुम्हीच सांगा. मी खोबरं बोटानं पुसून खाल्लं.

तेव्हापासून आमच्या घरात निर्दोष व्हॉल्व्हचा शोध सुरू झाला. पितळ तर आता पक्कं होतं, म्हणजे दोष बसणीत असणार, असं कांगनं ठरवलं. आम्ही बसणीला साधं मऊ प्लास्टिक वापरायचो. ते दाबानं हळूहळू चेपतं. तो कापड गिरणीच्या भंगारात गेला आणि पांढऱ्या नायलॉनचे मोडके गिअर घेऊन आला. ते कातून बसणी केली. नवा व्हॉल्व्ह तयार झाला तो त्यानं इमासच्या ताटलीत ठेवून पाठवला, कारण आलेली ताटली रिकामी परत करायची नसते, आणि कारण तिला दाखवायचं होतं.

इमासनं ताटली घेतली, व्हॉल्व्ह हातात घेऊन पाहिला आणि पदरानं उगाचच चेहरा पुसला. चार दिवसांनी पुन्हा चोलेनाक.

"अजून आहे," कांग म्हणाला. "बाई खमकी आहे. सोडत नाही."

मग आतला दांडा बदलला. मऊ लोखंडाची दांडी हातोड्याच्या मारानं टोकाला फुगते, म्हणून मोटरसायकलच्या इंजिनातल्या निकामी व्हॉल्व्हची देठं आणून ती घासून घातली. त्या पोलादाला आगीतसुद्धा काही होत नाही, हातोडा काय करणार. ताटली गेली, ताटली आली. मग त्यानं कातायची रीतच बदलली. आजवर एक बाजू कातायची, चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, काढून उलटायची, दुसरी कातायची, असं चालायचं. उलटताना केसभर तरी इकडंतिकडं होतंच, आणि बसणी भोकाच्या बरोबर मध्यावर येत नाही. आता त्यानं भोक आणि बसणी एकाच पकडीत कातायला सुरुवात केली, आणि सगळं झाल्यावरच सळईपासून तुकडा तोडायचा. जास्त सळई वाया जाते, जास्त वेळ लागतो.

हाजी दायात दारात येऊन ओरडून गेले. "एंकोस, अरे, या बंदुकीनं भातातले उंदीर मारायचेत. चंद्रावर नाही जायचं. माल कधी देतोस?"

"तुमचा माल तयार आहे. नेहमीच्या पितळात, नेहमीसारखा. हे वेगळं आहे."

"वेगळं कुणासाठी?"

"कुणासाठी नाही," कांग म्हणाला आणि लेथ सुरू केला.

हाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

एका सकाळी नळकांडी पोचवायला गेले, तर इमास खिडकीजवळ बसली होती. खिडकीच्या फळीवर कांगचे व्हॉल्व्ह ओळीनं मांडलेले होते. एकही तिनं बंदुकीला लावला नव्हता. आधीचा डावीकडे, नंतरचा त्याच्या शेजारी, अशी रांग. खाली स्वच्छ फडकं.

"बस, येयेत," ती म्हणाली. "चहा घे. तुझा भाऊ काही बोलतो का गं घरी?"

"खूप बोलतो, तेह," मी म्हणाले. थोरल्या बाईला आम्ही तेह म्हणतो. " ऐकावंसं काही नसतं त्यात."

ती हसली. मग फळीवरचा शेवटचा व्हॉल्व्ह उचलून बोटात फिरवत म्हणाली, "माझ्या लिलिसला दिवस भरत आलेत. म्हणतेय, आई, इथलं घर बंद कर आणि शहरात, बेकासीला, कायमची ये. रविवारी जावई ट्रक घेऊन येतोय, सामान न्यायला. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. तिला काय सांगू? की म्हातारपणी कुणीतरी मला पितळेचे तुकडे पाठवतंय, म्हणून थांबते?" तिनं व्हॉल्व्ह परत फडक्यावर ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस. फार सुंदर आहेत. माझ्या नवऱ्यानंही असं काम माझ्यासाठी केलं नव्हतं. पण माणूस ताटली परत करतो नि तोंड उघडत नाही, तेव्हा मी समजायचं तरी काय? रविवारपर्यंत बोलला तर ठीक. नाहीतर लिलिस माझी मुलगी आहे, तिथं तरी मी कुणाच्या उपयोगी पडेन."

एरवी माझ्या जिभेला हाड नाही. पण त्या दिवशी ती टाळ्याला चिकटली. या बाईला मी कसं सांगू, की माझ्या भावाला वाटतंय तू चुका काढतेयस, आणि हे तुकडे तो तुला हरवायला पाठवतोय? ती ते ज्या फडक्यावर मांडून बसली होती ते फडकं बघून मला रडू यायला लागलं. मी चहा भाजेल इतका गरम प्यायले आणि घरी पळाले.

घरी कांगला सगळं सांगितलं. पाल्हाळ न लावता सांगितलं. "ताटल्या दोषाच्या नाहीत. ती तुझ्यासाठी करते. रविवारी ट्रक येतोय. तू बोलला नाहीस तर ती जाईल."

त्यानं लेथ बंदसुद्धा केला नाही. "तू चहा प्यायला गेलीस की असल्या गोष्टी घेऊन येतेस. इमास कामाची बाई आहे. ताटलीचा अर्थ गावात एकच असतो."

"अरे, पण पानाखाली भाग नसतो ना!"

"तोच तर तिचा मोठेपणा."

पालथ्या घड्यावर पाणी. मी चिडून भात करपवला.

पण त्याला ट्रकची गोष्ट मात्र लागली. मला ते दिसलं. त्या दिवशी तो जेवला नाही. बंदरावरून आलेल्या भंगारातला, जहाजाच्या दांड्याखालचा एक बुश, म्हणजे जाड कडं, त्यानं कधीचा जपून ठेवला होता, गनमेटलचा, पितळाहून चिवट अशा काशाचा. आजवर तो कापायला त्याचा हात झाला नव्हता. तो आता चकमध्ये धरला. दोन दिवस तो एकच व्हॉल्व्ह कातत होता. कातून झाला तसा काडीला कापूस गुंडाळून, पॉलिश लावून त्याचं आतलं भोक घासत बसला. मी विचारलं, "आत कोण बघणार आहे?" तो म्हणाला, "दोष आतच असतो."

शनिवारी सकाळी त्यानं तो खिशात घातला. "चल," मला म्हणाला. "नळकांडी घे. आज तिच्याच तोंडून ऐकून येतो. जायच्या आधी तिला सांगावंच लागेल."

इमासचं अर्धं घर बांधून झालं होतं. कानशी मात्र अजून टेबलावर होत्या. कांगला दारात पाहून ती उभी राहिली आणि तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, झालं, आता सगळं ठीक होणार. मी माझ्या भावाला ओळखत असूनही मला तसं वाटलं.

त्यानं व्हॉल्व्ह तिच्यासमोर ठेवला. "आता सांगा. यात काय खोट आहे?"

"खोट?" इमास म्हणाली. तिला काही कळेना. तरी कामाची बाई, तिनं तो नळकांड्यात बसवला, हवा भरली, बादलीत धरला. पाणी हललं, मग स्थिर झालं. आम्ही तिघं त्या पाण्याकडे बघत राहिलो. एक बुडबुडा आला नाही.

"यात काही नाही," ती म्हणाली.

"आणि आधीच्यांत?"

"त्या ओतीव मालानंतर एकातही नव्हती, कांग."

"मग ताटल्या कशाला पाठवत होतात?"

इमासनं हात पुसले. "खायला," ती हळूच म्हणाली.

माझ्या भावाचा चेहरा तांबडा झाला, कानापर्यंत. इथं त्यानं गप्प राहायचं होतं. पण हा माणूस गप्प राहायचं तिथं बोलतो. "मला वाटलं तुम्ही दोष काढताय. प्रत्येक ताटलीला मी दोष शोधत होतो. हे सगळे मी... तुमचं तोंड बंद करायला पाठवत होतो."

पंपाचा दांडा माझ्या हाताशी होता. तो मी त्याच्या डोक्यात घातला नाही, याचं श्रेय मला कुणी देत नाही.

इमास वळली. खिडकीशी गेली. फळीवरचे व्हॉल्व्ह एकेक करून ताटलीत ठेवले. अंगणातल्या केळीचं पान तोडून आणलं, वर झाकलं आणि ताटली कांगच्या हातात दिली. पानावर काही नव्हतं. आमच्या गावात असं कुणी कुणाला कधी देत नाही. वैऱ्यालासुद्धा साखरेची चिमूट ठेवतात.

"माझा गैरसमज झाला," ती म्हणाली. "घेऊन जा."

ती टेबलाशी बसली आणि कानशी फडक्यात गुंडाळायला लागली. कांग ताटली धरून उभा. जाईना. मला वाटलं, पाय विसरला की काय. मग त्यानं ताटली टेबलाच्या कडेला ठेवली आणि नळकांड्यातला तो शेवटचा व्हॉल्व्ह काढला. खिडकीच्या उजेडासमोर धरून एका डोळ्यानं त्याच्या भोकातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हा आतून घासलाय," तो म्हणाला.

"पाहिलं मी," इमास मान वर न करता म्हणाली.

"आतून घासायची गरज नसते. हवा काय, खडबडीतूनही जाते. हाजींच्या बंदुकीला साधं पितळ पुरतं, वर्षानुवर्षं." तो आमच्याशी बोलतच नव्हता, हिशेब लावत होता. "गनमेटलचीही गरज नव्हती. एका पकडीत कातायचीसुद्धा नव्हती. तोंड बंद करायला ओढीव पितळेचा पहिलाच पुरला असता. त्यात दोष नव्हता. मलाही तो सापडला नव्हता." त्यानं व्हॉल्व्ह खाली केला. "मग मी हे कशाला करत बसलो?"

इमासचे हात थांबले. "मला काय विचारता, कांग? धातू तुम्ही निवडलात."

"हो. मीच निवडला."

"आणि हे तुम्हाला आत्ता कळतंय?"

"आत्ता." मग म्हणाला, "येयेतनं सांगितलं होतं. पण ती काय, रोजच काहीतरी सांगते."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात दुसऱ्यांदा.

"उद्या ट्रक येतोय," इमास म्हणाली. "माझी पेटी बांधून झालीय."

"नका जाऊ."

"का?" ती त्याला सोडणार नव्हती, आणि बरोबरच होतं तिचं. एवढे महिने तिनं वाट पाहिली होती, आता त्यानं चार शब्द स्वतःच्या तोंडानं बोलायला काय हरकत होती.

माझ्या भावाला असलं बोलता येत नाही. बायको वारली तेव्हाही तो लेथजवळ जाऊन उभा राहिला होता, सुरू न करता. आताही त्याचा हात काहीतरी धरायला शोधत होता, नि टेबलावर धरण्यासारखं काही नव्हतं.

"तीस वर्षं माझ्या हातून चालण्याइतपतच काम होत होतं," तो शेवटी म्हणाला. "बंदूक चालते ना, मग झालं, असं. हे एवढं चांगलं मला येतं, हे मलाच माहीत नव्हतं. तुम्ही गेलात, तर मला पुन्हा चांगलं काम करायला कारण राहणार नाही. आणि मला आता चालण्याइतपत नको आहे, इमास. मला तुम्ही हव्या आहात."

इमास उठली. तिनं टेबलाच्या कडेची ताटली उचलली, पान काढून बाजूला ठेवलं आणि व्हॉल्व्ह पुन्हा फळीवर मांडायला लागली, पहिला डावीकडे, नंतरचा त्याच्या शेजारी. शेवटच्यासाठी तिनं न बघताच मागे हात केला, आणि कांगनं तो तिच्या तळव्यावर ठेवला.

मी रिकामी नळकांडी गोळा केली नि घरी निघाले. भावाला हाक मारली नाही. त्याला यायला वेळ लागणार होता, लिलिसला निरोप कळवायचा होता, आणि बांधलेली पेटी सोडायलाही माणूस लागतो.